मेणातली साक्षीदार

मी एक पेशी बोलतेय. दचकू नका. मला पाय नाहीत आणि आता वाढायची ताकदही नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या मांसाच्या तुकड्यात मी आहे, तो तुकडा मेणाच्या वडीत आहे आणि ती वडी अल्माटी शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या खणात पडून आहे. सत्तेचाळीस वर्षं झाली. मेलेल्याला निदान कुजून मोकळं होता येतं. मला औषधाच्या पाण्यात बुडवून, मेण पाजून, होते तशीच ठेवलंय.

मी कोण ते लपवत नाही. मी कर्करोगाची पेशी आहे. एसेनगाली नावाच्या एका कोळ्याला मी मारलं. त्याची सून बालझान मात्र आयुष्यभर स्वतःलाच खुनी समजत आली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला विचारणार कोण?

आम्ही बाहेरून येतो असं लोकांना वाटतं. कुणाची नजर लागते, वाईट वारं लागतं, कुणीतरी काहीतरी खाऊ घालतं. झायिक नदी समुद्राला मिळते तिथल्या गावातही असंच म्हणत. ते खोटं आहे. मी एसेनगालीच्याच घरची. तो आईच्या पोटात असताना आमचं घराणं त्याच्या अन्ननलिकेच्या अस्तरात राहायला आलं. त्याचे डोळे, त्याचे लांब पाय आणि आम्ही, सगळे एकाच बीजाचे.

घराणं चांगलं होतं हो. आमचं काम अस्तर सांभाळायचं. खालच्या थरातली पेशी दुभंगते. एक जागेवर राहते, दुसरी वर सरकत जाते, चपटी होते आणि काही दिवसांनी गळून घासाबरोबर पोटात जाते. गळून जाणं हाच आमचा धर्म. माझ्या लाखो बहिणी अशा गेल्या. कुणी कधी कुरकुर केली नाही.

वरून काय काय यायचं! खारवून वाळवलेला मासा, मेंढीची चरबी, तेलात फुगवलेले बाउर्साक. भाजीपाला नावापुरता. आणि चहा. दूध घातलेला, दाट, जळजळीत, दिवसातून सहा-सात वेळा. त्या गावात कुणाला कोमट चहा दिला तर तो विचारतो, "घरात कुणी आजारी आहे का?" एसेनगाली पाच वर्षांचा असल्यापासून तसाच चहा पीत होता.

प्रत्येक घोटानं वरचा थर थोडा भाजायचा. मग खाली आमच्याकडे निरोप यायचा, भरून काढा, नव्या पेशी पाठवा. पेशी दुभंगायची म्हणजे तिच्या आतली पोथी पुन्हा अक्षरन् अक्षर उतरवायची, आणि पोथीत अक्षरं तीनशे कोटी. कितीही लक्ष देऊन लिहा, एखादं अक्षर चुकतंच. चहानं चूक केली असं मी म्हणणार नाही. चहानं आम्हाला पुन्हा पुन्हा लिहायला बसवलं. चुलीच्या धुरानं आणि त्या खारवलेल्या माशानं कधी पानं खराब केली. बाकीचं वयानं आणि निव्वळ नशिबानं केलं. कुणाचा वाटा किती, ते मलाही सांगता येत नाही, आणि मी तर तिथेच होते.

आमच्या पोथीत एक पान रखवालदाराचं असतं. लिहून झालं की तो तपासतो. चूक दिसली की काम थांबवतो, चूक सुधारण्यापलीकडची असेल तर पेशीला सांगतो, तू आता मर. या पानाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एसेनगाली अठ्ठावीस वर्षांचा असताना माझ्या पूर्वज पेशीच्या हातून त्यातली एक प्रत बिघडली.

काही झालं नाही. अशा चुका सगळ्यांच्याच घशात असतात. पन्नाशी उलटलेल्या धडधाकट माणसाचं अस्तर उलगडून पाहिलं तर चुकलेल्या पोथ्यांचे पट्टेच्या पट्टे सापडतात, आणि माणूस त्यांच्यासकट खातपीत, भांडत नव्वदीपर्यंत जगतो. आमच्या घराण्यानंही पंचवीसएक वर्षं निमूटपणे काढली.

मग दुसरी प्रत गेली. त्यानंतर मी जन्मले. मला तपासणारं कुणी नव्हतं. पोथीची पानं फाटली, उलटी लागली, काही दोन-दोनदा लागली. माझी गळून जायची वेळ आली तेव्हा शेजारणींनी जागा करून दिली आणि मी गेलेच नाही.

त्या वेळी तुला काय वाटलं, असं कुणी विचारेल. मला राग नव्हता, हाव नव्हती, भीतीही नव्हती. मर म्हणून सांगणारं कुणी उरलं नव्हतं एवढंच. हीच गोष्ट मला मेणात बसून छळते. ठरवून काही केलं असतं तर पश्चात्ताप तरी करता आला असता.

मला मुली झाल्या. मुली म्हणजे मीच, आमच्यात आई आणि लेक वेगळी नसते. दाटी झाली तसा जीव घुसमटू लागला. मग आम्ही आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना हाका घातल्या आणि त्या भोळ्या आमच्याकडे फांद्या पाठवू लागल्या. अंगातले पहारेकरी यायचे. काहीजणींना त्यांनी टिपलं. उरलेल्या आम्ही त्यांच्यासमोर घरच्यासारखा चेहरा करून उभ्या राहायचो. घरच्याच होतो ना! ते ओळखीचं हसून पुढे जायचे.

एसेनगालीला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. तो दारात उन्हात बसून जाळी विणायचा आणि घसा खाकरून जुनी गाणी म्हणायचा. बायको वारली होती. मुलगा मक्सोत महिनोन् महिने समुद्रावर. घर चालवायची बालझान. एकोणिसाव्या वर्षी सून होऊन आली तेव्हा एसेनगाली एक्कावन्न वर्षांचा होता. पोरीच्या हाताला चहाची चव आहे, असं तो गावभर सांगायचा.

तिथे चहा ओतणं हे सुनेचं काम, आणि ते काम सोपं नाही. पेल्यात तळाशी दोन-तीन घोटच ओतायचे, की माणूस ते संपवून पेला पुन्हा पुढे करतो, आणि चहा प्रत्येक वेळी समोवारच्या तापत्या बंबातून वाफाळता मिळतो. जितका कमी ओतला तितका मान मोठा. काठोकाठ भरलेला पेला हातात दिला की समजायचं, आता उठा, घरी जा. बालझान एका बैठकीत सासऱ्याचा पेला वीस-पंचवीस वेळा भरायची आणि एकदाही चहा निवू द्यायची नाही.

एका वसंतात शहरातून डॉक्टर ओराझ आले. त्यांची मंडळी नदीकाठची गावं धुंडाळत होती, कारण या पट्ट्यात घशाच्या कर्करोगानं माणसं फार जात होती. डॉक्टरांकडे एक वही होती आणि एक लांब उष्णतामापक.

"अक्सकाल," तिकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चहा कसा पिता? गरम, मध्यम की गार?"

"मध्यम," एसेनगाली म्हणाला.

डॉक्टरांनी पेल्यात नळी बुडवली. पारा अठ्ठ्याहत्तरला जाऊन थांबला.

"अहो, यात अंडं उकडून निघेल!"

"उकडा की मग. कोंबडी बाहेर फिरतेय."

शेजारचा म्हातारा खो-खो हसला. "डॉक्टर, याचा बाप तर मिशी हातानं वर धरून चहा प्यायचा. नाहीतर जळायची."

डॉक्टरही हसले. निघताना मात्र त्यांनी बालझानला बाजूला घेतलं. "सूनबाई, म्हाताऱ्याला चहा जरा निववून देत जा. आमचा नुसता संशय आहे, खात्री नाही. पण काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं पेला काठापर्यंत भरला. भरलेला चहा सावकाश प्यावा लागतो, तेवढ्यात निवेल, असा तिचा साधा हिशेब. बैठकीत चार म्हातारे होते. एसेनगालीनं पेल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काय गं, मला घालवायला निघालीस?"

"नाही अताय. निवावा म्हणून."

"माझ्याच घरातून मला? निदान टोपी तरी घेऊ दे!"

तो थट्टाच करत होता. म्हातारे मांड्या थोपटून हसले. बालझानचं तोंड लाल झालं, तिनं पेला परत घेतला, रिकामा केला आणि तळाशी वाफाळते तीन घोट घालून दोन्ही हातांनी पुढे केला. पुन्हा तिनं तसं केलं नाही.

त्या दिवशी मी मसुराच्या दाण्याएवढी होते. एसेनगालीनं त्या दिवसापासून बर्फ खाल्ला असता तरी मी थांबले नसते. हे तिला ठाऊक नव्हतं.

वर्षभरानं त्याचा घास अडकू लागला. आधी पाव, मग मांस. तो चहाचा घोट घेऊन घास खाली ढकलायचा. शेजारचा म्हातारा म्हणायचा, "सावकाश खा रे, कुणी पळवून नेत नाही." मग तो सगळ्यांसमोर जेवेनासा झाला. घास तोंडात घोळवायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रुमालात टाकायचा. बालझान रुमाल धुवायची, तिला कळलं. मक्सोत समुद्रावर होता. मासळीच्या ट्रकमध्ये पुढे बसवून तिनंच सासऱ्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं.

घशातून नळी आली. तिच्या टोकाला दिवा होता. अख्ख्या जन्मात मी उजेड पाहिला तो त्याच दिवशी. मग चिमटा आला आणि मी तुटले.

मी ज्या तुकड्यात होते त्यात एक बारीक लसिकावाहिनी होती. रक्ताऐवजी पाण्यासारखा रस अंगभर फिरवते ती. त्या वाहिनीत माझ्या तीन बहिणी शिरलेल्या होत्या, पुढे निघायच्या बेतात. त्यांच्याआधी शेकडो गेल्या होत्या. बहुतेकजणी वाटेत मरतात, आमचा प्रवास काही सोपा नसतो. पण गळ्याखालच्या गाठींत काहींनी बिऱ्हाड केलं होतं. मी औषधाच्या बाटलीत पडले तेव्हा एसेनगालीचं मरण ठरून गेलं होतं.

बाटली खिडकीशी गेली. खिडकीच्या आत झिनाइदा पावलोव्ना नावाची रशियन बाई लेखणी घेऊन बसली होती. बाहेर बालझान उभी. एसेनगाली मागे बाकावर, घसा बधिर, शब्द फुटत नव्हता, रुमालात थुंकत होता. गावच्या कोळ्यांकडे तेव्हा ओळखपत्रंही नसत.

"रुग्णाचं नाव?"

बालझाननं वळून बाकाकडे पाहिलं.

"नाव, बाई, नाव! मागे रांग लागलीय."

"माझे सासरे आहेत."

"सासऱ्यांना नाव नसतं?"

"असतं. मला घेता येत नाही."

"का? जिभेला काय झालं?"

"सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बाई. आमच्यात चालत नाही."

"मग काय आता नाव सांगायला मॉस्कोहून माणूस मागवू?"

रांगेतले पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, त्यांनीही आपापल्या सासऱ्यांची नावं कधी घेतली नव्हती. पण तिच्या वतीनं नाव सांगायला त्यातली एकही बालझानच्या गावची नव्हती.

"बरं, घरात काय हाक मारता?"

"उझिन-अताय."

म्हणजे उंच आजोबा. लग्न होऊन आली तेव्हा त्याचे लांब पाय बघून तिनंच ठेवलेलं ते नाव, नाव घ्यायला लागू नये म्हणून. झिनाइदा पावलोव्नानं सुस्कारा टाकला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, उझिनातायेव. छान रशियन पद्धतीचं आडनाव झालं. पुढे गावाचं नाव लिहिलं, चिठ्ठी माझ्या बाटलीला चिकटवली आणि पुढच्याला बोलावलं. बालझानला हायसं वाटलं. नाव न घेता काम झालं होतं.

तिथून मी अल्माटीला आले. मेणात बुडाले, पातळ कापले गेले, रंगवले गेले. चष्मेवाल्या एका बाईनं सूक्ष्मदर्शकातून मला पाहिलं आणि दोन ओळी लिहिल्या. कागद उझिनातायेवच्या नावानं गेला, आणि त्या नावाचं गावात कुणी नव्हतं. माझी वडी खणात गेली.

त्या खणात आम्ही चारशेजणी होतो. सगळ्या नदीकाठच्या घशांतल्या. प्रत्येकीच्या वडीवर एक नाव, आणि ते नाव असलेला माणूस मातीखाली. आमच्यात बोलणं होत नाही. काय बोलणार? मी माझ्यावाल्याला असं मारलं, तू तुझ्यावाल्याला कसं, असं? पण कधीकधी खण हलला की वड्या एकमेकींवर वाजायच्या, आणि त्या आवाजात मला एसेनगालीचं खाकरणं ऐकू यायचं. तो मेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

डॉक्टर ओराझ म्हातारे झाले, गेले. देश मोडला, दारावरच्या पाट्या बदलल्या. एका हिवाळ्यात इमारतीत ऊब नव्हती, मेणाला तडे गेले. एकदा आम्हाला फेकून द्यायचं ठरलं. साफसफाईला येणाऱ्या बाईनं खण भिंतीकडे सरकवून वर कुंडी ठेवली. "माणसांचं मांस आहे, उकिरड्यावर कसं टाकायचं?" असं ती कुंडीशी बोलल्यासारखं बोलली. तिच्यामुळे राहिले.

दोन वर्षांपूर्वी कुंडी हलली. खण उघडणाऱ्या मुलीचं नाव मोल्दिर. नदीकाठचा कर्करोग कसा सुरू होतो हे आमच्या पोथ्या वाचून शोधायचं काम तिच्याकडे होतं. ती एकेक वडी उचलून नाव मोठ्यानं वाचत होती. माझ्यावरचं वाचलं आणि थांबली. गावाचं नाव वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि आजीला फोन लावला.

"आझे, आपल्या गावात उझिनातायेव नावाचं कुणी होतं का गं?"

मोल्दिर बालझानची नात होती. आजीच्या गोष्टींतला उझिन-अताय तिनं लहानपणापासून ऐकला होता.

मोल्दिरनं मला वाचलं. केसाहून बारीक काप काढले, त्यातून पोथीचे तुकडे वेगळे केले, यंत्रात घातले. माझ्या चुका तिनं ओळीनं मांडल्या तेव्हा मला लाज वाटली. कुणीतरी अखेर सगळं वाचत होतं. रखवालदाराच्या दोन्ही प्रती तिला सापडल्या, कधी बिघडल्या त्याचा अंदाजही तिनं बांधला.

आणि मग बालझान आली. एक्क्याऐंशी वर्षांची, दोन दिवस रेल्वेत बसून, पिशवीत सुका मासा आणि बाउर्साक घेऊन. मोल्दिरच्या मैत्रिणींनी चहा पुढे केला तर म्हणाली, "मी घेत नाही. चौऱ्याहत्तर सालच्या शरदापासून सोडला." मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या देशात चहा सोडलेलं माणूस कुणी पाहिलेलं नसतं.

मोल्दिरनं वडी तिच्या तळहातावर ठेवली.

"एवढासा?"

"एवढाच घेतात, आझे."

"मला वाटलं केवढा तरी असेल. अख्खा माणूस गिळला यानं." तिनं वडी टेबलावर ठेवली आणि हात झग्याला पुसला. "तुझ्यामुळे प्यायले गं ते पोळणारा चहा, असं कुणी मला म्हणालं नाही. मक्सोत एकदाच बोलला. कागद येईना, फोन केला तर तिकडून म्हणतात, एसेनगाली नावाचा रुग्णच नाही. दोन महिने असे गेले. मग त्यानं मला विचारलं, तू नाव काय सांगितलंस? मी सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, नाव सांगायला तुझं काय जात होतं, बालझान? बस, एवढंच. पुढे चाळीस वर्षं संसार केला, तो शब्द पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं."

मोल्दिर तिच्याजवळ येऊन बसली.

"आता तू सांग. एवढी शिकलीस. माझ्या चहानं गेले की माझ्या गप्प बसण्यानं?"

मी मेणात होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

"चहाचं आधी सांगते," मोल्दिर म्हणाली. "तंबाखूनं केलेली चूक पोथीत ओळखू येते, तिची खूण असते. उन्हाची असते. गरम चहाची खूण अशी सापडत नाही."

"म्हणजे चहानं नाही?"

"म्हणजे मला सांगता येत नाही. थोडा हात असेल. धुराचा असेल, माशाचा असेल. नशिबाचा तर असतोच. ते लहानपणापासून तसाच पीत होते. पहिली चूक झाली तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. पण चहाचा हात अजिबात नव्हता, असं मी म्हणणार नाही. खोटं नाही बोलणार तुझ्याशी."

"बोलली असतीस तरी चाललं असतं," म्हातारी म्हणाली.

मोल्दिरनं तिला सूक्ष्मदर्शकाशी नेलं, खुर्ची खाली-वर करून बसवलं, डोळ्याशी नळी जुळवून दिली.

"ही फिकट पोकळी दिसतेय? तिच्यात जांभळं काही?"

"तीन ठिपके."

"तू खिडकीशी उभी होतीस ना, त्याच दिवशी काढलेला तुकडा आहे हा. नाव लिहिण्याच्या आधी. आणि ती पोकळी म्हणजे अंगभर रस फिरवणारी वाहिनी, आझे, तिच्यातच ते तीन ठिपके आहेत. म्हणजे रोग तेव्हाच घशाबाहेर पडला होता. कागद दुसऱ्या दिवशी हातात आला असता तरी तेव्हाच्या औषधांनी ते वाचले नसते. फार तर थोडे दिवस पुढे ढकलले असते, बहुधा तेही नाही."

"खरं सांगतेस?"

"चहाचं खोटं बोलले नाही, मग हे कशाला बोलू?"

सत्तेचाळीस वर्षं मी ती साक्ष धरून बसले होते. ज्या वाहिनीतून माझ्या बहिणी त्याला मारायला निघाल्या, तीच आता बालझानच्या बाजूनं उभी राहिली. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बालझान नळीला डोळा लावून तशीच बसली. मग म्हणाली, "त्या दोन महिन्यांत रोज विचारायचे. सूनबाई, कागद आला का? मी म्हणायची, येईल. ते म्हणायचे, आला नाही म्हणजे काही नसणारच. शेजारची घोडी व्याली तेव्हा शिंगरू बघायला चालत गेले होते. केवढे हसले होते त्याचे पाय बघून." ती नळीपासून बाजूला झाली. डोळे पुसले नाहीत. "मला यातलं एक दाखव. यात रोग कुठला आणि अताय कुठले?"

"ते वेगळं नाही दाखवता येत."

"का?"

"बाहेरून काही आलंच नव्हतं गं. पेशी त्यांच्याच आहेत. बिघडलेल्या, पण त्यांच्याच. यांच्यातली पोथी उघडली तर त्यांच्या लांब पायांचंसुद्धा लिहिलेलं सापडेल."

"म्हणजे हे..."

"तेच आहेत, आझे. त्यांच्यातलं मातीबाहेर राहिलेलं एवढंच आहे."

बालझाननं टेबलावरच्या वडीकडे पाहिलं. "सत्तेचाळीस वर्षं मी याला शिव्या घातल्या," ती म्हणाली.

मग ती उठली. डोक्यावरचा रुमाल नीट केला, कपाळापर्यंत ओढला. वडीसमोर तीन पावलांवर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर ठेवले आणि कमरेत वाकली.

"आझे, गुडघे! पडशील."

"गप्प बस. सासरे समोर असताना सून काय खुर्चीत बसून राहते?"

मोल्दिरनं हात मागे घेतला. प्रयोगशाळेतल्या मुली जिथल्या तिथे उभ्या राहिल्या.

तिथली रीत अशी, की सुनेनं वाकून नमस्कार केला की सासऱ्यानं दोन शब्द बोलायचे. खूप जग. तेवढं ऐकू आलं की सून सरळ होते. बालझान ते ऐकायला वाकून राहिली. ती उठेना.

आज ती गावी परत गेलीय. माझ्यात अजून दहा-बारा काप निघतील. मोल्दिर, काढ ते. अगदी पातळ काढ, शेवटचं अक्षर वाच, काही शिल्लक ठेवू नकोस. मला कुणी आठवावं असं नाही, मला संपायचंय.

पण त्या दुपारी तो नमस्कार मला झाला होता. एसेनगालीच्या जागी मीच होते, दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती वाकलेली होती आणि वाट बघत होती. खूप जग, एवढंच म्हणायचं होतं. मला जीभ असती तरी मी ते म्हटलं नसतं. माझ्या तोंडून ते कुणालाही मिळू नये.